विझवलेला चुना

बारावीच्या वर्गात आज उष्म्याचे बदल.
फळ्यावर मी लिहिते एकशे अठ्ठ्याहत्तर,
पुढे किलोज्यूल, दर मोलला,
आणि खडू मोडतो.
बाहेर कोळंबच्या खाडीला ओहोटी लागलेली.
चिखलाचा वास खिडकीतून आत येऊन
शेवटच्या बाकावर बसतो.

हा आकडा पुस्तकात भेटण्याआधी
मी घरी पाहिला होता.
होडीने आणलेले खुबे, तिसऱ्या, कालवांची टरफलं,
एक थर शिंपल्यांचा, एक करवंट्यांचा,
मग सोडणं, मग काजीची लाकडं, परत शिंपले,
आणि भात्यापाशी धाकू खोबरेकर, माझे आबा,
रात्रभर, दुसऱ्या रात्रीही.
शिंपले आग गिळत राहायचे
मुकाट.
कुणी पंगतीत बसून किती खावं, तसे.

सकाळी भट्टीत तेच शिंपले,
त्याच आकाराचे, त्याच रेघांचे,
फक्त हलके. मणाचे बावीस शेर.
आठ वर्षांची मी विचारलं,
इस्तव खंय गेलो?
आबा राखेत थुंकले, म्हणाले,
भितुर निजलो हा. हात लाव नको.

मग टाकीत पाणी.
आधी काहीच नाही.
मग एक बारीक तडा, पापड मोडावा तसा,
मग सगळीकडून,
आणि खाली चूल नसताना
विहिरीचं गार पाणी उकळायला लागायचं,
वाफेत आबांचं डोकं नाहीसं व्हायचं,
रेघा फुटून पीठ व्हायच्या.
ह्या कामाला आम्ही चुना विझवणं म्हणतो.
कोंडलेला सगळा विस्तव बाहेर येतो
त्या घटकेला आमच्या भाषेत विझणं म्हणतात,
आणि मला हे
उष्मादायी ह्या शब्दाच्या शेजारी
कुठे लिहावं ते कळत नाही.
आबांच्या मनगटापासून कोपरापर्यंत
गुलाबी गुळगुळीत पट्टा होता,
तिथे केस कधी उगवले नाहीत.

पासष्ट, मी लिहिते. विझताना परत आले ते.

एल्विरा लुद्रिकचा हात वर.
तिचा बाप ट्रॉलरवर, डिझेलच्या थेंबाचा हिशेब घरात रोजचा.
मॅडम, घेतले एकशे अठ्ठ्याहत्तर, दिले पासष्ट.
बाकीचे?

आबांनी हे कुणाला विचारलं नाही.
त्यांचा हिशेब व्यापाऱ्याच्या वहीत असायचा,
चुना विकणाऱ्यालाच चुना लावणारी वही.
मग सिमेंटच्या गोणी आल्या,
भट्टीच्या तोंडातून घाणेरी उगवली,
आणि भाता आईने वखारीत टांगला,
उंदरांनी त्याचं चामडं खाल्लं.

एकशे तेरा, मी म्हणते. ते भिंतीत आहेत.
भट्टीतून जो वायू उडाला
तोच हवेतून परत ओढून घेतो चुना,
थोडाथोडा,
आणि तेवढी ऊब सोडत जातो,
इतकी सावकाश की थर्मामीटरलाही पत्ता नाही.
वर्षं लागतात, भिंत जाड असली तर.
शेवटी तो पुन्हा शिंपलाच होतो,
बिनरेघांचा, आत कुणी नसलेला.

म्हणजे आमच्या पाणंदीतला खुरीस
अजून देतोय?
असेल, एल्विरा. अगदी आत, जरासं.
वर्ग हसतो. ती हसत नाही,
वहीत बेरीज करून बघते.

घंटा झाली. फळा मी पुसला नाही.

घरी आले तेव्हा विहिरीकडच्या भिंतीला टेकले,
चिऱ्यांवर आबांच्या शेवटच्या भट्टीचा गिलावा,
पोपडे धरलेला.
तळहात ठेवला. कोमट लागली.
पश्चिमेचं ऊन दुपारपासून तिथेच असतं,
मला माहीत आहे.
दिवेलागण झाली, पलीकडून कुणीतरी हाक मारली,
हात मी तसाच ठेवला होता.